बिरसी ते जेद्दा : एका अंतराचा इतिहास

प्रतापगड म्हटले की महाराष्ट्रात बहुतेकांना साताऱ्याकडचा गड आठवतो. आमच्या पूर्व विदर्भात मात्र प्रतापगड म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला डोंगर. नवेगावबांधचा तलाव आणि इटियाडोह धरण यांच्या मुलखात, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्यामध्ये तो उभा आहे. गोंड राजवटीच्या काळातल्या किल्ल्याचे अवशेष तिथे आहेत. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. महादेवाच्या दर्शनाला आलेला माणूस त्याच फेरीत ख्वाजा उस्मान हारूनी यांच्या नावाच्या दर्ग्यावरही जातो. झाडीपट्टीत याचे कुणाला नवल वाटत नाही.

ख्वाजा उस्मान हारूनी हे अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांचे पीर. ते खुरासानकडचे. आयुष्याच्या शेवटी ते मक्केत राहिले आणि तिथेच वारले, असे चिश्ती परंपरेतले चरित्रग्रंथ सांगतात. म्हणजे त्यांची कबर मक्केत आणि त्यांचे नाव आमच्या डोंगरावर. हिंदुस्थानात असे अनेक ठिकाणी आढळते. बुजुर्ग कधी आले, किंवा आले की नाही, हे इतिहास सांगू शकत नाही. पण त्यांच्या नावाची जागा असते, चिराग असतो आणि लोक येतात.

या दोन ठिकाणांमध्ये अंतर किती? हा प्रश्न मला माझ्या भाच्याने विचारला. तो जेद्द्यात नोकरीला आहे. फोनवर बोलता बोलता म्हणाला, "मामू, आपल्या बिरसीहून थेट जेद्द्याला विमान असते तर किती किलोमीटर पडले असते?" मी उत्तर शोधायच्या आत त्यानेच मोबाईलवर पाहून सांगितले, "सुमारे चार हजार दोनशे चाळीस."

आकडा बरोबर आहे. मीही नंतर कागदावर मांडून पाहिला. पण तो एका क्षणात मिळाला म्हणून एका क्षणात तयार झालेला नाही. त्यामागे हजार-बाराशे वर्षांचे काम आहे, आणि त्या कामाचा मोठा भाग आपल्याच पूर्वसूरींनी नमाजसाठी केलेला आहे. तो आपण विसरलो. विसरल्यामुळे काय होते, हे मी आमच्याकडच्या एका गावात डोळ्यांनी पाहिले. म्हणून हा लेख.

दोन विमानतळ

बिरसीचा विमानतळ गोंदिया शहराजवळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथे धावपट्टी बांधली. युद्ध संपले आणि पुढची कित्येक वर्षे ती जवळजवळ ओस पडली. या शतकात तिचा विस्तार झाला आणि वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी पहिली नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. ती फार दिवस टिकली नाही. मग १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबाद आणि तिरुपतीकडे विमान जाऊ लागले. आकाशातून उतरणारे विमान बघायला बांधावर उभे राहणारे शेतकरी मी त्या दिवसांत पाहिले आहेत.

दुसरे टोक जेद्दा. तिथला राजा अब्दुल अझीझ विमानतळ १९८१ मध्ये सुरू झाला. त्याचे हज टर्मिनल जगप्रसिद्ध आहे. वाळवंटातल्या तंबूंसारखी दिसणारी २१० छत्रे एकमेकांना जोडून त्याचे छप्पर केले आहे. या छपराच्या रचनेत ज्यांचा मोठा वाटा होता ते अभियंते फझलुर रहमान खान ढाक्याचे. अमेरिकेत शिकागोची उंच सिअर्स इमारत उभी करणारे हेच गृहस्थ. हज टर्मिनलला १९८३ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला, तेव्हा ते हयात नव्हते. मार्च १९८२ मध्ये जेद्द्यातच त्यांचे निधन झाले होते.

या दोन विमानतळांमध्ये थेट विमान कधी उडाले नाही. आमच्या भागातला हाजी पूर्वी हे अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नसे. तो ते दिवसांत मोजायचा. अर्जुनीहून छोट्या गाडीने गोंदिया, गोंदियाहून मोठ्या गाडीने मुंबई, मग साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, कागदपत्रे, देवीची लस आणि शेवटी जहाज. ज्या मोगल लाईनची जहाजे हाजींना नेत, ती कंपनी १८७७ मध्ये स्थापन झालेली. समुद्रात आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ जाई. गावातून निघताना हाजी सर्वांची माफी मागून, देणी फेडून निघत. परत येण्याची खात्री कुणाला नसे. मुंबईहून हाजींना नेणारे शेवटचे जहाज १९९५ मध्ये गेले आणि तो मार्ग बंद झाला. २००० नंतरच्या दशकात नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरूनही हजची विमाने सुटू लागली. नागपूर ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे ४,१२० किलोमीटर. साडेपाच-सहा तासांत माणूस एहरामसह तिकडे उतरतो. दिवसांचे अंतर तासांचे झाले, आणि मधला मुलूख दिसेनासा झाला.

एकाच अक्षांशावर

आता एक गंमत पाहा. शाळेचा नकाशा काढा. गोंदिया शहराचा अक्षांश सुमारे २१.४६ अंश उत्तर. मक्केचा २१.४२ अंश उत्तर. बिरसी विमानतळ २१.५३ अंशांवर, तर जेद्दा विमानतळ २१.६८ अंशांवर. म्हणजे गोंदिया आणि मक्का जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. कर्कवृत्ताच्या थोडे खाली, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. फरक फक्त रेखांशाचा, सुमारे चाळीस अंशांचा. प्रतापगड जरा दक्षिणेला आहे, पण तोही त्या रेषेपासून दूर नाही. प्रतापगड ते मक्का सरळ अंतर सुमारे ४,१७० किलोमीटर.

नकाशा पाहून कुणीही म्हणेल, मग काय, गोंदियाहून मक्का अगदी पश्चिमेला. पट्टी ठेवली आणि रेघ ओढली की झाले. पण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी सपाट नाही.

नागपुरी संत्रे हातात घ्या. देठ म्हणजे उत्तर ध्रुव समजा. देठापासून सारख्याच अंतरावर, पण एकमेकांपासून दूर, दोन टाचण्या टोचा. आता त्यांच्यामध्ये दोरा ताणून बसवा. दोरा देठाकडे थोडा सरकून बसतो. सर्वांत आखूड वाट आडव्या रेषेवरून जात नाही. ती ध्रुवाकडे झुकलेल्या कमानीसारखी जाते. भूगोलाच्या पुस्तकात या वाटेला बृहद्‌वृत्त म्हणतात. विमानांच्या वेळापत्रकात जे अंतर असते ते याच वाटेचे.

बिरसी ते जेद्दा आडव्या रेषेने गेलो तर सुमारे ४,२५० किलोमीटर पडतात, आणि कमानीने गेलो तर सुमारे ४,२४०. फरक जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरचा, म्हणजे गोंदिया शहरापासून बिरसीला जाण्याइतका. पण वाट मात्र वेगळीच. कमानीच्या वाटेचा मध्य आडव्या रेषेपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास उत्तरेला येतो. तो ओमानच्या रास अल-हद्द नावाच्या भूशिराजवळ समुद्रात पडतो. अरबस्तानचे पूर्वेकडचे टोक ते हेच. अंतर जवळजवळ तेच, पण गोंदियाहून निघताना तोंड पश्चिमेला नव्हे, पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे साडेसात अंश वळवावे लागते. प्रतापगडाहून मक्केसाठी आठ अंशांहून थोडे जास्त.

अंतरात नगण्य आणि दिशेत ठळक अशा या साडेसात अंशांनीच त्या गावात भांडण लावले.

सफांचा वाद

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडच्या एका गावात मशिदीची दुरुस्ती निघाली. मशीद जुनी, कौलारू, पन्नास-साठ माणसांची. मेहराब नेमकी पश्चिमेला. एका तरुणाने मोबाईलवरचा किब्ला पाहिला आणि जाहीर केले की मशीद चुकीच्या दिशेला आहे. दुसऱ्याने दुसऱ्या मोबाईलवर पाहिले, त्यात आणखी वेगळा कोन आला. झाले. अर्धे तरुण सतरंजी तिरकी अंथरून उभे राहू लागले. वडीलधारे म्हणाले, "आमच्या बाप-दाद्यांच्या नमाजा काय वाया गेल्या?" तरुण म्हणाले, "गेल्याच असतील." या एका वाक्याने दोन घरांतली सोयरीक मोडायची वेळ आली. एकीकडून 'मोबाईलवाले' आणि दुसरीकडून 'जाहिल' अशी नावे ठेवली गेली. भिंत पाडण्याची भाषा सुरू झाली.

दोन्ही बाजू एका गोष्टीवर मात्र एकमत होत्या : ही दिशा काढण्याची विद्या साहेबांची आहे. तरुणांना ती साहेबांची म्हणून खरी वाटत होती आणि वडिलांना साहेबांची म्हणून खोटी. खरा प्रश्न तिथेच होता.

त्रिकोणाचा हिशेब

हा हिशेब आहे तरी काय? पृथ्वीच्या पाठीवर एक त्रिकोण कल्पावा. एक टोक गोंदिया, दुसरे मक्का, तिसरे उत्तर ध्रुव. गोंदियाचा अक्षांश माहीत असला की गोंदियापासून ध्रुवापर्यंतची बाजू कळते. मक्केचा अक्षांश माहीत असला की दुसरी बाजू कळते. दोघांच्या रेखांशांतला फरक म्हणजे ध्रुवापाशी होणारा कोन. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन एवढे हाती आले की त्रिकोण सुटतो. तिसरी बाजू म्हणजे गोंदिया-मक्का अंतर. आणि गोंदियापाशी होणारा कोन म्हणजे किब्ला.

हवाई अंतर आणि किब्ला हे एकाच त्रिकोणाचे दोन तुकडे आहेत, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. मक्केच्या जागी जेद्दा ठेवा, न्यूयॉर्क ठेवा, टोकियो ठेवा, रीत तीच. आज कुठल्याही दोन विमानतळांचे अंतर याच जातीच्या गणिताने निघते.

हा त्रिकोण सोडवायला लागणारे पहिले हत्यार हिंदुस्थानातले. आर्यभटाच्या परंपरेतली 'ज्या', म्हणजेच 'जीवा'. आठव्या शतकात खलिफा अल-मन्सूरच्या काळात भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ बगदादला पोहोचले आणि अरबीत उतरले. 'जीवा' हा शब्द अरबी लिपीत 'जीब' झाला. पुढे तो 'जैब', म्हणजे खिसा किंवा कपड्याची घडी, असा वाचला गेला. लॅटिन भाषांतरकारांनी त्याचेच भाषांतर 'सायनस' केले. शाळेतली मुले आज जो 'साइन' घोकतात तो असा गंगेकाठाहून बगदाद आणि अंदलूसमार्गे फिरून आला आहे.

दुसरी गरज पृथ्वीच्या मापाची. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात खलिफा अल-मामूनने सिंजारच्या सपाट मैदानात माणसे पाठवली. एक तुकडी उत्तरेला चालत गेली, एक दक्षिणेला. ध्रुवाची उंची एक अंशाने बदलेपर्यंत जमीन मोजत जायचे. एका अंशाला ५६ आणि दोन तृतीयांश अरबी मैल असा आकडा त्यांनी धरला.

बीरूनीचा डोंगर

पण या इतिहासातला सर्वांत मोठा माणूस अबू रैहान अल-बीरूनी. जन्म ९७३, ख्वारिझमचा. महमूद गझनवीने तो प्रदेश जिंकल्यावर त्याला गझनीला यावे लागले. पुढे तो हिंदुस्थानात फिरला, संस्कृत शिकला आणि 'किताब अल-हिंद' लिहिले. आपल्याकडे त्याचे नाव त्या ग्रंथामुळे निघते. त्याचा दुसरा मोठा ग्रंथ आहे शहरांची ठिकाणे निश्चित करण्याविषयीचा, 'तहदीद निहायात अल-अमाकिन'. तो १०२५ मध्ये पूर्ण झाला. त्याचा एक मुख्य हेतू गझनीचा किब्ला काढणे हा होता.

अक्षांश काढणे सोपे. सूर्य किंवा ध्रुवतारा पाहून निघतो. रेखांश अवघड. दोन शहरांतला वेळेचा फरक कळला तर रेखांश कळतो, पण त्या काळी फोन नव्हता. मग घड्याळ आकाशातच शोधायचे. ९९७ मध्ये एक चंद्रग्रहण झाले. ते बगदादेत अबुल वफा बूझजानी यांनी पाहिले आणि ख्वारिझममधल्या काथ शहरी तरुण बीरूनीने. आधी ठरवून दोघांनी आपापल्या स्थानिक वेळा नोंदवल्या. ताडून पाहिल्यावर सुमारे एका तासाचा फरक निघाला. एक तास म्हणजे पंधरा अंश. दोन माणसे, मधे शेकडो कोसांचे वाळवंट, आणि वर एकच चंद्र.

ग्रहण दरवेळी मिळत नाही. म्हणून 'तहदीद'मध्ये बीरूनीने दुसरी वाट धरली. काफिल्यांच्या रस्त्यांची अंतरे गोळा केली, रस्त्याच्या वळणांसाठी त्यांतून काही भाग वजा केला, आणि अंतर व अक्षांश यांवरून रेखांशांतला फरक काढत बगदादपासून गझनीपर्यंत एकेक शहर जोडत आला. आपण आज रेखांशावरून अंतर काढतो. त्याने अंतरावरून रेखांश काढला. त्रिकोण तोच, फक्त उलट बाजूने सोडवलेला. उंटवाल्यांनी सांगितलेल्या मजला आणि ज्योतिषाचे कोष्टक एकाच कागदावर आणणारा हा माणूस होता.

आणि पृथ्वीचे माप? त्यासाठी मैदानात दोन तुकड्या पाठवण्याची ऐपत त्याच्याकडे नव्हती. त्याला एक डोंगर सापडला. पंजाबात झेलमकाठच्या मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा किल्ला आहे; आज तो पाकिस्तानात आहे. किल्ल्याशेजारच्या डोंगराची उंची त्याने मोजली, सुमारे ६५२ हात. मग माथ्यावर जाऊन पाहिले की समोरच्या मैदानाचे क्षितिज डोळ्यांच्या पातळीपेक्षा किती खाली दिसते. ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त. एवढ्या दोन आकड्यांवरून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. त्याचा हात आजच्या मापात नेमका किती धरायचा यावर अभ्यासक वाद घालतात. पण उत्तर खऱ्याच्या आश्चर्यकारक जवळ आहे याबद्दल वाद नाही.

प्रतापगडावर चढलो की मला नंदना आठवते. आमच्या डोंगरावर तो प्रयोग जमणार नाही. भोवती जंगल आहे, टेकड्या आहेत, क्षितिज स्वच्छ दिसत नाही. पण डोंगर चढण्याचे हेही एक कारण असू शकते, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

दमास्कसचे कोष्टक

बीरूनीनंतर या विद्येत पुष्कळ भर पडली. गोलावरच्या त्रिकोणांवर नसीरुद्दीन तूसीने तेराव्या शतकात स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण आमच्या गावच्या वादाशी सर्वांत जवळचे काम चौदाव्या शतकातल्या दमास्कसचे. तिथल्या उमय्या मशिदीत शम्सुद्दीन अल-खलीली हे मुवक्कित होते, म्हणजे नमाजच्या वेळा काढून देणारे. त्यांनी किब्ल्याचे एक कोष्टक तयार केले. दहा ते छप्पन अंश अक्षांशांपर्यंतची प्रत्येक जागा, आणि मक्केपासून एक ते साठ अंश रेखांशाचा प्रत्येक फरक. प्रत्येक जोडीसाठी किब्ल्याचा कोन, सगळ्या मिळून जवळजवळ तीन हजार नोंदी. यंत्र नाही, कॅल्क्युलेटर नाही. दिव्याच्या उजेडात हाताने केलेली गणिते.

या कोष्टकात अक्षांश २१ आणि रेखांशाचा फरक ४० अशीही एक नोंद आहे. तीच आमची नोंद. अल-खलीलींनी प्रतापगडाचे नाव ऐकले असण्याचे कारण नाही. झाडीपट्टीच्या त्या जंगलात तेव्हा एखादी मशीद होती की नव्हती, कुणास ठाऊक. पण पृथ्वीवर जिथे कुठे माणूस सजद्यासाठी उभा राहील त्या जागेचा हिशेब तयार असावा, म्हणून त्यांनी तो आधीच करून ठेवला होता. साडेसहाशे वर्षांनंतर मोबाईलने त्या पोराला जो कोन दाखवला, तो त्या कोष्टकाचाच वारस आहे.

आणि दोन मोबाईलवर दोन कोन का आले? गणित चुकले म्हणून नव्हे. मोबाईलमधला होकायंत्राचा काटा जवळच्या लोखंडाने बहकतो. मशिदीत पत्र्याचे कपाट होते, खिडकीला गज होते.

नेमकेपणा आणि नरमाई

आता उरला वडिलांचा प्रश्न. बाप-दाद्यांच्या नमाजांचे काय? याचेही उत्तर त्याच परंपरेत आहे. मक्केपासून दूर असलेल्या माणसाने काब्याच्या दिशेला तोंड करावे. नेमकी काब्याची इमारत नाकासमोर आलीच पाहिजे अशी सक्ती त्याच्यावर नाही, असे हनफी फकीहांनी सांगितले. पंचेचाळीस अंशांपर्यंतचा फरक नमाज बिघडवणारा त्यांनी मानला नाही. सूरह बकरामध्ये किब्ल्याचा हुकूम आहे, आणि केवळ तोंड वळवण्यात नेकी नाही याची आठवणही त्याच सूरहमध्ये आहे.

इतिहासातही दाखला आहे. स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या जामा मशिदीचा किब्ला खऱ्या दिशेपासून बराच दक्षिणेकडे गेलेला. दहाव्या शतकात खलिफा दुसरा अल-हकम मशीद वाढवत होता तेव्हा ज्योतिर्विदांनी ही बाब पुढे आणली. अल-हकम स्वतः विद्वान, प्रचंड ग्रंथसंग्रहाचा धनी. तरीही पूर्वजांनी ज्या दिशेला नमाज पढली तीच त्याने कायम ठेवली. त्याचा सुंदर मेहराब आजही त्याच दिशेला उभा आहे. ज्या संस्कृतीत कोनाचा सूक्ष्म हिशेब झाला त्याच संस्कृतीत जुनी भिंत न पाडण्याचा समजूतदारपणाही होता. आपण आज हिशेब विसरलो आहोत आणि समजूतदारपणाही हरवत चाललो आहोत. तरुणांनी पहिला भाग पुन्हा शिकावा आणि वडिलांनी दुसरा पुन्हा सांगावा, एवढीच माझी विनंती आहे.

बांबू आणि सावली

त्या गावी मी हे सगळे सांगून पाहिले. व्याख्यानाने भांडण मिटत नाही, हेही कळले. मग एक उपाय सुचला. तोही जुनाच, मुस्लिम ज्योतिर्विदांना तो माहीत होता.

दरवर्षी २८ मे आणि १६ जुलै या दिवशी (लीप वर्षात एक दिवस आधी) मक्केत भर दुपारी सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर येतो. मेमध्ये तेव्हा आपल्या घड्याळात दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे झालेली असतात, जुलैमध्ये २ वाजून ५७. त्या क्षणी जिथे जिथे सूर्य दिसतो तिथे सूर्याची दिशा हाच किब्ला. होकायंत्र नको, मोबाईल नको. एक सरळ काठी ओळंब्याने उभी करायची आणि सावली पाहायची. सावलीच्या उलट बाजूला काबा.

गोंदियाचे आणखी एक भाग्य. मक्केच्या अक्षांशावर असल्यामुळे त्याच दिवशी, दुपारी १२ वाजून ७ मिनिटांच्या सुमारास, सूर्य गोंदिया शहराच्याही माथ्यावर असतो. उभ्या वस्तूची सावली तिच्या पायात सापडते. तिथून सूर्य निघतो आणि दोन तास एक्केचाळीस मिनिटांनी काब्याच्या माथ्यावर पोहोचतो. तो आडव्या रेषेनेच पश्चिमेला गेलेला असतो, पण गोंदियातून पाहणाऱ्याला तो पश्चिमेच्या उत्तरेला साडेसात अंशांवर दिसतो. संत्र्यावरच्या दोऱ्याने जे दाखवले तेच आकाशात दिसते. ज्याला गणित कळत नाही त्यालाही डोळ्यांनी कळते.

आम्ही मे महिना निवडला. जुलैत आमच्याकडे रोवणी चालू असते आणि ढग हटत नाहीत. अठ्ठावीस मेच्या उन्हात मशिदीच्या अंगणात बांबू रोवला. म्हातारे सावलीला बसले होते, तरुण उन्हात. पेशइमाम साहेबांच्या हाती घड्याळ. दोन अठ्ठेचाळीसला एका पोराने चुन्याने सावलीवर रेघ ओढली. मग मशिदीच्या भिंतीच्या रेषेशी ती ताडून पाहिली. दहा फुटांत सव्वा फुटाहून थोडा जास्त फरक. तरुणांचे म्हणणे खरे निघाले, पण इतकेच खरे. ज्या फरकावरून सोयरीक मोडत होती तो फरक जमिनीवर वीतभर-दोन वीत पांढऱ्या रेघेएवढा पडलेला सर्वांनी पाहिला.

एक बुजुर्ग उठून रेघेजवळ आले. त्यांनी विचारले, "ही रेघ मोबाईलची का सूर्याची?" कुणीतरी म्हणाले, "सूर्याची." ते म्हणाले, "मग ठीक आहे."

मशिदीची भिंत पाडली नाही. आतल्या सफा जुन्या होत्या तशाच राहिल्या. गावाबाहेरच्या ईदगाहची भिंत मात्र पडझड होऊन नव्याने बांधायचीच होती. तिचा पाया त्या सावलीवरून घेतला. आता ईदच्या सकाळी तीच माणसे, म्हातारे आणि तरुण, साडेसात अंश उत्तरेला वळून खांद्याला खांदा लावून उभी राहतात. आणि दुसऱ्या दिवशी फजरला पुन्हा जुन्या भिंतीकडे तोंड करतात. भाच्याला हे फोनवर सांगितले तेव्हा त्याच्याकडे दुपार कलली होती आणि आमच्याकडे मगरिबची अजान होत होती.